खेळ परवडतो कुणाला?



ऑक्टोबर सरता सरता आपल्याकडची हवा पालटते. चार-पाच महिने एसीत कोंडलेली मंडळी बाहेर पडतात, मंडळांच्या क्रिकेट स्पर्धांचे ईमेल फिरू लागतात, अकादम्यांच्या जाहिराती सुरू होतात. दुबईत तर २०१७ पासून दरवर्षी ‘दुबई फिटनेस चॅलेंज’ भरतं: तीस दिवस, रोज तीस मिनिटं व्यायाम. त्या महिन्यात ठिकठिकाणी फुकट वर्ग चालतात, एक दिवस शेख झायेद रोड गाड्यांना बंद करून पळणाऱ्यांना मोकळा करून दिला जातो, आणि आपल्यापैकी कित्येकजण मुलाबाळांसह तिथे पळून (निदान चालून) येतात. उपक्रम चांगलाच आहे, त्याला नावं ठेवायचं कारण नाही. प्रश्न उरलेल्या अकरा महिन्यांचा आहे, आणि तो सगळ्यांना सारखा पडत नाही.

आपल्या वर्तुळात ‘कमी उत्पन्न’ म्हटलं की लेबर कॅम्प डोळ्यांसमोर येतो. पण कॅम्पात मुलं नसतात. २०१९ सालच्या नियमानुसार कुटुंब इथे आणायचं तर किमान ४००० दिरहम पगार हवा, किंवा ३००० दिरहम आणि वर राहायची सोय. त्याखालचा माणूस इथे एकटा राहतो. त्याची मुलं खेडला, दापोलीला, नाहीतर सांगलीकडे असतात. म्हणजे इथे ज्यांच्याबद्दल बोलायचं आहे ती कुटुंबं त्या रेषेच्या जेमतेम वरची. दुकानातला सेल्समन, क्लिनिकमधली नर्स, गोदामातला सुपरवायझर, टायपिंग सेंटरमधला कारकून, ड्रायव्हर. शारजात रोलाच्या आसपास, अजमानला, दुबईत देरा-सतव्याकडे, कधी एका फ्लॅटमध्ये दोन बिऱ्हाडं. त्यांच्यात मराठी माणसं आहेत आणि ती आपल्या ओळखीची आहेत. गणपतीच्या आरतीला ती येतात, दिवाळीच्या कार्यक्रमात खुर्च्या मांडायला सगळ्यांत आधी येतात. फक्त मुलांच्या क्रिकेट क्लासचा विषय निघाला की पाणी आणायला म्हणून उठतात.

जरा हिशेब मांडू. समजा आठवड्यातून दोनदा सरावाची फी महिन्याला ४०० दिरहम आहे. (हा आकडा उदाहरणापुरता धरलेला आहे, तुमच्या मुलाच्या अकादमीची पावती काढा आणि खरा आकडा तिथे घाला.) चार हजार पगाराच्या घरात हा दहावा हिस्सा झाला. दोन मुलं असली तर पाचवा. आणि हे घरभाडं, शाळेची फी, शाळेची बस आणि गावी पाठवायचे पैसे वजा करण्याआधीचं गणित. त्यावर अकादमीचा ठरावीक टीशर्ट, बूट, पॅड, स्पर्धेची वेगळी प्रवेश फी. आपल्यासाठी ही किरकोळीतली रक्कम असते, म्हणून ती आपल्याला दिसत नाही.

फी माफ झाली तरी प्रश्न सुटतोच असं नाही. सरावाच्या जागेवर पोचायचं कसं? आयसीसीची अकादमी ज्या दुबई स्पोर्ट्स सिटीत आहे तिथवर मेट्रो जात नाही. आपण गाडी काढतो, मुलाला सोडतो, तासभर कॉफी पितो आणि घेऊन येतो. ज्याला गाडी नाही आणि आठवड्याला एकच सुट्टी आहे (कायद्याने किमान तेवढीच मिळायला हवी), त्या बापाने हे कधी करायचं? २०२२ च्या जानेवारीपासून सरकारी कचेऱ्यांचा आणि शाळांचा आठवडा बदलला, शनिवार-रविवार सुट्टी झाली, शारजात तर शुक्रवार ते रविवार तीन दिवस. दुकानं आणि गोदामं मात्र आपल्या चालीने चालतात. मुलाला सुट्टी असते तेव्हा बाप कामावर असतो.

आणि मग उन्हाळा. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करून घ्यायला इथे बंदी आहे. संध्याकाळीसुद्धा लहान मुलाला बाहेर खेळायला पाठवावं अशी हवा नसते. म्हणजे खेळ आत जातो, आणि आत गेला की त्याला तासावर भाडं लागतं. बॅडमिंटनचं कोर्ट, फुटसालचा हॉल, पोहण्याचा तलाव, सगळं तासावर. त्यातच शाळेची लांब सुट्टी जुलै-ऑगस्टात, आणि विमानाची तिकिटं सगळ्यांत महाग तेव्हाच. आपली मुलं त्या काळात पुण्याला आजीकडे जातात किंवा समर कॅम्पला. ज्यांना दरवर्षी गावी जाणं जमत नाही त्यांची मुलं दोन महिने एका खोलीत, मोबाईल घेऊन. डॉक्टर वाचकांना यावर अधिक सांगायची गरज नाही.

मुलींचं आणखी वेगळं. घरात एकाच मुलाच्या फीपुरते पैसे असले तर ते कुणासाठी खर्च होतात हे आपण सगळे जाणतो. इमारतींमधल्या मोकळ्या वाळूच्या तुकड्यावर टेनिस बॉलचं क्रिकेट रंगतं, पण तिथे दहा वर्षांच्या मुलीला कुणी पाठवत नाही. एकटी कशी जाईल, स्वच्छतागृह कुठे, सोबत कोण, हे प्रश्न सुटल्याशिवाय ‘मुलींसाठी प्रवेश खुला’ या पाटीला फारसा अर्थ नाही. शिवाय तो वाळूचा तुकडाही टिकत नाही. आज क्रीझ आखलेली असते, सहा महिन्यांनी तिथे पत्र्याचं कुंपण आणि बिल्डरचा बोर्ड.

आपण बहुतेकजण या बाबतीत नशीबवान. शिवाजी पार्क १९२५ साली लोकांसाठी खुलं झालं, १९२७ साली त्याला महाराजांचं नाव मिळालं, आणि तेव्हापासून दादर-माहीमच्या किती पिढ्या तिथे एक पैसा न देता खेळल्या. कोल्हापूरकरांना पेठेपेठेत तालीम होती. तालुक्याच्या गावी शाळेचं मैदान होतं, कुंपण पडलेलं आणि संध्याकाळी सगळ्या गावाचं. एक बॅट आणि अकरा मुलं, ज्याची बॅट त्याची पहिली बॅटिंग. आपल्या आईवडिलांनी खेळासाठी पैसे दिले नाहीत कारण कुणी मागितलेच नाहीत. ती मैदानं कुणीतरी आखून, राखून ठेवली होती: नगरपालिकेने, संस्थानाने, एखाद्या शिक्षकाने.

पण फार उसासे नकोत. ती मैदानंही सगळ्यांना सारखी खुली नव्हती. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात खेळपट्टी झाडणारे पाळवणकर बाळू ग्रेगसाहेबाला तासन्‌तास गोलंदाजी करत, तिथे त्यांचा हात तयार झाला. ते त्या काळातले हिंदूंचे सर्वांत मोठे गोलंदाज ठरले, पण मैदानाबाहेर चहाचा पेला त्यांना वेगळाच मिळे आणि कर्णधारपद कधीच मिळालं नाही. ते मिळालं त्यांच्या भावाला, विठ्ठलला, १९२३ साली, बऱ्याच भांडणानंतर. तालमी पुरुषांच्या होत्या. तेव्हा ‘आमच्या वेळी सगळं कसं छान होतं’ हे खरं नाही. कुठे जातीने अडवलं, कुठे बाई म्हणून अडवलं. इथे पावती अडवते, आणि पावतीवर कुणाचा राग येत नाही, एवढाच फरक.

आता थोडं अवघड बोलायचं आहे. गरीब मुलांच्या खेळाचा विषय काढला की आपल्याकडे लगेच एक गोष्ट सांगितली जाते, आणि ती खरीही असते. खाशाबा जाधव, कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे. १९५२ साली हेलसिंकीला जायला पैसे नव्हते तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण टाकून सात हजार रुपये दिले. खाशाबांनी स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक आणलं, आणि परत आल्यावर कुस्त्यांचे फड भरवून सरांचं घर सोडवलं. त्यानंतर महाराष्ट्राला दुसरं वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला बहात्तर वर्षं लागली: १ ऑगस्ट २०२४, पॅरिस, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे, रायफल नेमबाजी. वडील शिक्षक. त्यांनीही मुलाच्या खेळासाठी कर्ज काढलं.

या गोष्टी आपण अंगावर रोमांच घेऊन वाचतो आणि पुढे पाठवतो. पण एकदा उलट बाजूने वाचून पाहा. बहात्तर वर्षांनीसुद्धा मुलाला खेळवायचं तर कुणाला तरी कर्ज काढावं लागतं, ही त्यातली बातमी नव्हे का? कुसाळेंच्या बाबतीत एक गोष्ट मात्र बदललेली होती. नाशिकची सरकारी क्रीडा प्रबोधिनी होती, तिथे राहण्याची, जेवणाची, प्रशिक्षणाची सोय होती. खर्डेकर सरांच्या घराच्या जागी निदान काही अंशी एक संस्था उभी होती. आपण भाषणात बापाच्या कर्जाबद्दल बोलतो, प्रबोधिनीच्या वसतिगृहाबद्दल कुणी बोलत नाही.

आणि त्याहून मोठी अडचण अशी की या गोष्टींनी आपली मदत करण्याची पद्धतच ठरवून टाकली आहे. पैसे द्यायची वेळ आली की आपण ‘गुणी पण गरजू’ मूल शोधतो. चाचणी घेतो, त्यातला एक निवडतो, स्टेजवर बोलावून धनादेश देतो, फोटो काढतो. उरलेल्या एकोणतीस मुलांचं काय? त्यांना बॅट नीट धरता येत नाही. ती कधीच कुठल्या संघात जाणार नाहीत. आपली स्वतःची मुलं तरी कुठे जाणार आहेत? आपण आपल्या मुलांना क्लासला घालतो ते पदकासाठी नव्हे. अंगात रग यावी, चार मित्र व्हावेत, हरून घरी यायची सवय व्हावी, झोप नीट लागावी म्हणून घालतो. साधारण खेळणारं मूल असण्याची मुभा फक्त पैसेवाल्यांच्या मुलांना, आणि गरिबाच्या मुलाने मात्र खेळायचं तर तेंडुलकरच असलं पाहिजे, ही अट कुणी घातली? आमच्या मते मूळ अन्याय हा आहे.

नागपूरच्या विजय बारसे सरांना हे फार आधी उमगलं होतं. हिस्लॉप कॉलेजातले क्रीडाशिक्षक. पावसात एका फुटक्या बादलीला लाथा मारत खेळणारी वस्तीतली मुलं त्यांनी पाहिली, आणि २००१ साली झोपडपट्टी फुटबॉल सुरू झालं. नागराज मंजुळे यांच्या २०२२ सालच्या ‘झुंड’मुळे ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक झाली. बारसे सरांनी चाचणी घेतली नाही. चेंडू दिला आणि संघ करायला सांगितलं.

नॉर्वेत तर हे लिहून ठेवलेलं आहे. तिथल्या क्रीडा महासंघाच्या बालक्रीडा नियमांनुसार अकरा वर्षांखालच्या मुलांच्या क्रमवाऱ्या लावायच्या नाहीत. खेळ ही आधी सगळ्यांनी मिळून करायची गोष्ट, स्पर्धा नंतर. आणि हा ‘सगळ्यांना घ्या’चा देश, लोकसंख्या पंचावन्न लाखांच्या आसपास, २०२२ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये सोळा सुवर्णपदकं घेऊन पहिला आला. आइसलंडमध्ये रेक्याविक शहर २००७ पासून सहा ते अठरा वर्षांच्या प्रत्येक मुलाच्या नावे ठरावीक रक्कम ठेवतं, ती क्लबच्या फीत वळती होते. श्रीमंताच्या मुलालाही मिळते, त्यामुळे घेणाऱ्याला खाली पाहावं लागत नाही. (दोन्ही देश थंड आहेत आणि करही घसघशीत घेतात हे मान्य. आपल्याकडे उकाडा आणि प्राप्तिकर शून्य.)

इथलंच उदाहरण हवं तर क्रिकेट घ्या. यूएईचा संघ मोठ्या प्रमाणावर आपल्यासारख्या स्थलांतरितांच्या मुलांचा असतो. २०२२ च्या १९ वर्षांखालील विश्वचषकात या देशाच्या मुलांनी प्लेट स्पर्धा जिंकली. २०१५ च्या विश्वचषकात यूएईसाठी यष्टीमागे उभा होता स्वप्नील पाटील, आपल्या वसईचा. तो घडला वसई-मुंबईच्या मैदानांवर आणि तयार होऊन इथे आला. आता इथेच जन्मलेली, वाढलेली पिढी आहे. तिला वसईचं मैदान नाही, तिला अकादमी आहे. ज्यांना तिचा उंबरठा ओलांडता येत नाही त्यांच्यात काय होतं हे यूएईला आणि आपल्याला कळणारच नाही.

यावर दोन आक्षेप नेहमी येतात. एक: आपण इथे पाहुणे, कशाला कुणाच्या व्यवस्थेत नाक खुपसायचं? पण आम्ही सरकारकडे काही मागत नाही. ज्या शाळांना आणि अकादम्यांना आपण दरमहा पैसे देतो त्यांच्याशी बोलायचं आहे, आणि गिऱ्हाईक म्हणून तो आपला साधा हक्क आहे. दुसरा: फुकट दिलं की किंमत राहत नाही. हे वाक्य शिवाजी पार्कवर फुकट खेळून मोठी झालेली माणसं म्हणतात, म्हणून त्याला उत्तर देत नाही.

मग करायचं काय? वर्गणी काढू, असं लगेच कुणीतरी म्हणेल. तसं करू नका. दुबईच्या २०१५ च्या हुकुमानुसार आणि देशाच्या २०२१ च्या कायद्यानुसार परवाना असलेल्या संस्थांखेरीज कुणालाही इथे देणग्या गोळा करता येत नाहीत. व्हॉट्सॲप गटावर ‘प्रत्येकी पन्नास दिरहम’ टाकणंही महागात पडू शकतं. पैसे जमवायचे तर परवानाधारक संस्थेमार्फतच. पण आमचं म्हणणं असं की पहिली गरज पैशाची नाहीच. ती जागेची आहे, आणि जागा आहेत.

आपल्या मुलांच्या शाळांकडे पाहा. मैदान आहे, कित्येक ठिकाणी वातानुकूलित हॉल आहे. शाळा सुटली की ते एखाद्या अकादमीला भाड्याने जातं. म्हणजे ज्या मैदानावर तो मुलगा सकाळी पीटीच्या तासाला फुकट पळाला, त्याच मैदानावर संध्याकाळी पाय ठेवायला त्याला पैसे पडतात. तेव्हा शाळेच्या व्यवस्थापनाकडे मागणी एकच: अकादमीशी करार करताना त्यात एक कलम घाला. दर वीस जागांमागे दोन जागा त्याच शाळेच्या, फी न परवडणाऱ्या मुलांसाठी. चाचणी नाही, यादी फलकावर नाही, वेगळ्या रंगाचा टीशर्ट नाही. मुलं कुठली हे शोधायला समितीही नको; फी कुणाची उशिरा येते हे शाळेच्या खिडकीवरच्या कारकुनाला पाठ असतं. ती दोन मुलं बाकीच्या अठरांसारखीच रांगेत उभी राहतील आणि प्रशिक्षकालाही ती कोणती हे कळायची गरज नाही. अठरा पालकांनी सह्या केलेलं पत्र व्यवस्थापन सहसा कचऱ्यात टाकत नाही. आपल्यातले काहीजण तर अशा शाळांच्या समित्यांवरच बसतात.

शारजातल्या काही भारतीय शाळा दोन पाळ्यांत चालतात, तिथे संध्याकाळ मोकळी नसते. त्यांना सुट्टीच्या दिवशीची सकाळ मागावी लागेल. उन्हाळ्याच्या सुट्टीत तर सगळेच हॉल रिकामे असतात. एसीच्या बिलाचा प्रश्न निघेल, तो बोलून सोडवता येतो.

मंडळांनाही एक आर्जव. वर्षातून एकदा चषक, झेंडे आणि प्रायोजकाचा फलक लावून होणारी स्पर्धा खुशाल करा. पण तिचा अर्धा खर्च आणि अर्धी धावपळ दर आठवड्याच्या दोन तासांना द्या. खो-खो घ्या. दोन खांब आणि चुन्याच्या रेघा, चेंडूसुद्धा लागत नाही. खो-खो म्हणजे शाळेतला मागासलेला खेळ असं वाटत असेल तर २०२५ च्या जानेवारीत दिल्लीत झालेला पहिला विश्वचषक आठवा: भारताचे दोन्ही संघ जिंकले आणि दोन्ही कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, आपल्या महाराष्ट्रातले. मुलींची वेळ वेगळी ठेवा, दोन आया कायम हजर ठेवा. आणि ज्यांच्याकडे सात सीटची गाडी आहे त्यांनी येताना ती भरून आणावी. आमच्या अंदाजाने फीमाफीपेक्षा या गाडीनेच जास्त मुलं मैदानावर येतील.

पुढच्या सत्राची फी भरायला जाल तेव्हा काउंटरवर दोन प्रश्न विचारा. इथे किती मुलं फी न भरता खेळतात? आणि नसतील तर ते ठरवण्याचा अधिकार कुणाचा आहे? जे नाव मिळेल त्या माणसाला भेटा. उत्तरं आम्हाला कळवा. शाळेचं नाव न छापता पुढच्या अंकांत देऊ.

– संपादक